मूर्तींच्या सावलीतली रोपं

मित्रांनो, आज पेणला नानांच्या, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या, गणपती कारखान्यात गेलो होतो. वहिनी वारल्या, तेव्हापासून त्यांची सक्युलंटची, म्हणजे जाड, रसाळ पानांची, रोपं नानांनी ओल्या मूर्तींशेजारी सावलीत जपली आहेत. ती पांढुरकी, लांबुडकी झालीत.

“बघ, कशी वाढलीत!”

“ही वाढ नाय, नाना. उन्हासाठी ताणलीत ती. अशानं मरतील.”

“उन्हात तडकतील रे, ओल्या मूर्तींसारखी! तिची तेवढीच आठवण हाय.”

“तडकते ती माती. ह्यांना ऊन पायजे. आधी सकाळचं कोवळं, मग हळूहळू जास्त.”

नानांनी एक कुंडी पायरीवर ठेवली. तिच्यावर बराच वेळ हाताची सावली धरली. मग हात मागे घेतला.

जपण्याच्या नावाखाली आपण कुणाकुणाचं ऊन अडवून बसलोय?