तक्रारीवर दोन मिनिटं

सांगलीत विश्रामबागेत मी परदेशी जाणाऱ्या नर्सना इंग्रजी शिकवते. त्यांच्या परीक्षेत एक तोंडी भाग असतो. विषय देतात, मिनिटभर विचार करायचा आणि दोन मिनिटं न थांबता बोलायचं. या दोन मिनिटांनी माझं डोकं पार खाल्लंय.

कुंडलची एक विद्यार्थिनी होती, चाळिशीला आलेली, खासगी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरला. नवऱ्याचा गाद्या भरायचा धंदा. पहिली एसटी पकडून सकाळी सातला वर्गात हजर. व्याकरण पक्कं, शब्द तोंडपाठ. ही सहज पास होणार, असं मी धरून चालले होते.

मग विषय आला: तुम्ही कधीतरी केलेली तक्रार. मिनिट संपल्यावर ती म्हणाली, "आय हॅव नेव्हर कंप्लेन्ड." आणि तिने वही मिटली.

मी समजावलं की परीक्षक खरंखोटं तपासत नाही. हॉटेलात डोसा गार आला म्हण, फ्रीज बिघडला म्हण.

"आवं मॅडम, मला खोटं मराठीत बोलाय जमत न्हाई, इंग्रजीत कुठनं जमंल?"

बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही. आठवडाभर मी तोच विषय देत राहिले आणि ती तेच एक वाक्य बोलत राहिली. दवाखान्यात इतकी वर्षं काढलीस, कधीच कुणी अन्याय केला नाही का, असं विचारलं. झालाय की, म्हणाली, पण कवा बोलले न्हाई. शेवटी माझा तोल गेला. तू परीक्षेचा नाद सोड, असं मी भर वर्गात तिला सुनावलं.

दुसऱ्या दिवशी ती जागेवर बसलीच नाही. माझ्या टेबलाशी उभी राहिली आणि एकेक शब्द जुळवत बोलू लागली.

"मॅडम, आय हॅव वन कंप्लेंट. यू आस्क क्वेश्चन. आय ॲम थिंकिंग. यू आर नॉट वेटिंग. यू आर गिव्हिंग माय आन्सर."

"यू डोंट वेट," मी सुधारलं. जित्याची खोड.

"सी," ती म्हणाली. "अगेन."

पुढे ती कालच्या बोलण्यावर आली. पंधरा वर्षांनी लहान मुलींसमोर मी तिचा अपमान केला होता, हे तिने क्रियापदांचे काळ मोडत, पण नीट सांगितलं. मी ओठ दाबून ऐकलं. ती थांबली तेव्हा चार मिनिटं होऊन गेली होती.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मला राग आला. तिला बसायला सांगितलं आणि उरलेला तास फळ्याकडे तोंड करून शिकवलं. माफी मागायला मला तीन दिवस लागले, तीही स्टँडवर, मराठीत. ती "व्हय" म्हणाली आणि एसटीत चढली.

पुण्याच्या परीक्षेत तिला आवडत्या भेटवस्तूचा विषय आला. बोलण्यात चांगले गुण पडले, लेखनात अर्धा गुण कमी पडला. त्या अर्ध्यावरून मी दोन दिवस धुसफुसत होते. तिने तोवर पुन्हा फॉर्म भरला होता.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली आणि गेल्या वर्षी आयर्लंडला गेली. मुलगी बारावीला, म्हणून नवरा कुंडललाच राहिलाय.