कपाळावर काय होतं

माझी मोठी बहीण वर्ध्याजवळ आंजीला असते. कुंकवाच्या जरा वर, तिच्या कपाळावर आठ आण्याच्या नाण्याएवढी जागा आहे, तिथली कातडी गुळगुळीत आणि फिकट आहे. उन्हात ती चकाकते. कोणी विचारलं की ताई सांगते, भजे तळताना तेल उडालं होतं. तीस वर्षं ती हेच सांगत आली, आणि ते खोटं आहे हे माहीत असून तीस वर्षं मी मान डोलावत आले.

आमचं माहेर रोहण्याचं. घरी शेती, आणि आम्ही दोघीच बहिणी. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती नऊ-दहा वर्षांची असताना गावात गोंदणाऱ्या बाया आल्या होत्या. मी तेव्हा फार लहान होते, पण तो दिवस मला आठवतो. मायनं ताईला अंगणात बसवलं, तिचं डोकं आपल्या मांडीत घट्ट धरलं. गोंदणारी बाई समोर उकिडवी बसली. तिच्या हातात सुयांची जुडी होती आणि बाजूला वाटीत काळा रंग. टोचता टोचता ती काहीतरी गात होती, पोरीचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून. ताई रडली नाही. तिच्या पायाची बोटं मात्र मातीत रुतत होती, आणि मी त्या बोटांकडेच पाहत राहिले. कपाळ झालं, मग डावा हात. शेवटी मायनं हळद आणि तेल लावलं. दोन दिवस ताईचं तोंड सुजलेलं होतं. माय तिला समजावत होती, सोनंनाणं माणूस मेल्यावर लोक काढून घेतात, हे मात्र संगं येते.

माझी पाळी आलीच नाही. मी नऊ वर्षांची झाले तोवर शाळेतल्या गुरुजींनी बाबांना सांगितलं होतं, पोरगी हुशार आहे, हिला शिकवा. बाबांनी मनावर घेतलं. गोंदणाऱ्या बाया पुन्हा आल्या तेव्हा मायनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. "शिकणाऱ्या पोरीले कशाले?" ती म्हणाली. ताईचं शिक्षण तिसरीनंतर सुटलं होतं. ती त्या वेळी चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं ते ऐकलं असणारच. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. माझं कपाळ कोरं राहिलं आणि मला त्याचा अभिमान वाटू लागला, एवढंच.

ताईचं लग्न आंजीच्या शेतकरी घरात झालं. मी वर्ध्याला राहून शिकले, डी.एड. केलं, देवळीच्या शाळेत लागले. मग माझं स्थळ आलं. मुलगा वर्ध्यात सरकारी कचेरीत, वडील हेडमास्तर म्हणून निवृत्त, काका वकील. घरात सगळे चष्मेवाले. साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, ती मंडळी रोहण्याला आली. ताई दोन दिवस आधीच येऊन कामाला जुंपली होती. पुरणपोळ्या तिनंच केल्या.

जेवणं झाल्यावर नवऱ्या मुलाच्या मावशीनं मायला विचारलं, "पोळ्या फार मऊ झाल्या होत्या हो. ही बाई गावातलीच का? रोजानं येते?"

ताई समोरच ताटं उचलत होती. माय गडबडली. मी नवी साडी नेसून मावशींच्या शेजारी बसले होते. मी बोलायला हवं होतं. मी साडीच्या काठावरचा धागा बोटाला गुंडाळत राहिले.

ताईच हसून म्हणाली, "मी पोरीची मोठी बहीण."

"अगबाई!" मावशी ओशाळल्या. "माफ करा हं. ते कपाळावरचं गोंदण पाहून मला आपलं वाटलं..."

त्या वाईट बाई नव्हत्या. नंतरही त्या माझ्याशी कायम प्रेमानंच वागल्या. पण तेवढ्या वाक्यानं माझ्या कानशिलांना चटका बसला. त्यांचा राग यायला हवा होता. मला राग आला ताईच्या कपाळाचा.

पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी मागच्या अंगणात भांडी घासत होतो. मी म्हणाले, "ताई, लग्नात ते कपाळावरचं तेवढं झाकता येते का पाह्य ना."

तिला आधी कळलंच नाही. "काय झाकू?"

"गोंदण. तिकडचे सगळे शिकलेले लोक आहेत."

"कसं झाकू वो? एवढं मोठं कुंकू लावू का?" तिनं राखेनं माखलेला पंजा कपाळासमोर धरला आणि हसली. मी हसले नाही. मग तीही थांबली. "बरं," ती म्हणाली, आणि परातीला राख लावू लागली.

लग्न दोन महिन्यांनी होतं. हळदीच्या दिवशी ताई आंजीहून आली तेव्हा तिच्या कपाळावर कापडाची पट्टी होती आणि एक डोळा अर्धा मिटलेला. मायनं विचारलं, "काय झालं वो?"

"भजे तळतानी तेल उडालं."

मायनं तिच्याकडे पाहिलं, पट्टीच्या कडेनं दिसणारी काळपट, फोडांनी भरलेली कातडी पाहिली, आणि आत निघून गेली. तेलानं भाजलेलं आणि बिब्ब्यानं उतलेलं यातला फरक शेतकऱ्याच्या घरातल्या बायकांना सांगावा लागत नाही. बिब्ब्याचं तेल अंगावर पडलं की कातडी फोड येऊन निघते. कपड्यावर धोबी त्यानं खूण करतात ती आयुष्यभर जात नाही. मलाही कळलं होतं. मला आधी वाईट वाटलं. आणि त्याच्या पाठोपाठ, हे लिहिताना आज माझा हात जड होतो, बरं वाटलं.

फोटोवाल्यानं घरच्या मंडळींना बोलावलं तेव्हा ताई म्हणाली, "मी कशाले, पट्टीवाली!" आणि मागे सरकली. मी तिला दुसऱ्यांदा हाक मारली नाही. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ताई एकाही फोटोत नाही.

पुढे वर्षं गेली. संसार, शाळा, रोजची वर्धा-देवळी बस. वर्गात आरोग्याचा धडा शिकवताना मी मुलींना सांगायचे की गोंदणं हे अडाणीपणाचं लक्षण आहे, एकच सुई सगळ्यांना टोचतात, त्यातून रोग होतात. एकदा एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, माह्या आजीच्या दोनी हातावर आहे. तिले तं काई नाई झालं." वर्ग हसला. मी तिला खाली बसवलं.

माझी मुलगी आता पुण्यात नोकरी करते. गेल्या दिवाळीला ती घरी आली आणि फराळाचं ताट पुढ्यात असताना म्हणाली, "आई, मी टॅटू काढणार आहे." मी कपाळाला आठ्या घातल्या. तिनं मोबाइल माझ्यापुढे सरकवला. "आधी हे बघ."

एकेक फोटो ती दाखवत गेली. न्यूझीलंडच्या माओरी बायका, ज्यांच्या हनुवटीवर गोंदलेल्या रेघा त्यांचं कूळ सांगतात. उत्तर आफ्रिकेतल्या डोंगरी गावांमधल्या म्हाताऱ्या, कपाळावर आणि गालांवर हिरवट खुणा असलेल्या. बर्फाळ मुलखातल्या इनुइट बायका. मध्य प्रदेशातल्या बैगा बायका, त्या तर आपल्यापासून काही तासांवर. आल्प्सच्या बर्फात सापडलेला हजारो वर्षांपूर्वीचा एक माणूसही होता. त्याच्या कंबरेवर आणि गुडघ्याजवळ छोट्या रेघा आहेत आणि त्या दुखण्यावर उपाय म्हणून असाव्यात, असं अभ्यासक म्हणतात. हे ऐकून मी चमकले. आमच्या रोहण्यातही गुडघा धरला की म्हातारी माणसं त्यावर ठिपके गोंदवून घेत. जपानमध्ये एके काळी गुन्हेगारांना शिक्षा म्हणून गोंदत, असंही तिनं सांगितलं. एकाच गोष्टीनं कुठं मान मिळाला, तर कुठं बट्टा लागला.

"आणि सगळीकडे एकच झालंय, आई," ती म्हणाली. "बाहेरून कोणीतरी येऊन सांगितलं की हे रानटी आहे. मग पोरींना आपल्या आयांची लाज वाटायला लागली. कितीतरी बायकांनी चेहरे घासून, जाळून घेतले. आता त्यांच्या नाती परत गोंदवून घेतायत, आजीचे जुने फोटो शोधून शोधून."

माझ्या हातातली चकली मी ताटात ठेवून दिली.

"मला मावशीच्या कपाळावरचं हवंय," ती म्हणाली. "लहानपणी आजी सांगायची ना, मावशीच्या कपाळावर छान गोंदण होतं म्हणून. ते मी हातावर काढून घेईन. काय होतं गं तिथं?"

मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी आंजीला गेलो. ताईनं भाचीचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. तिला हसू आलं, आणि आनंदही झालेला दिसला. मुलीनं वही उघडली. "मावशी, चंद्र होता का? की ठिपके?"

ताईनं डागावरून बोट फिरवलं. "चंद्र असन... नाई, चंद्र माह्या सासूले होता. मले मधात एक टिकली होती अन् बाजूनं काईतरी होतं. फूल होतं का पान होतं, काय मालूम."

"आठवत नाही तुला?"

"मले कसं आठवन बेटा? माह्यं कपाळ मले दिसे का? आरशात दिसे, वेणी घालतानी, तेवढंच." ती माझ्याकडे वळली. "तुह्या मायले इचार. ते तं रोज माह्यासमोर राहे. एकाच ताटात जेवत होतो आमी."

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. मी पेन्सिल घेतली. एक टिकली काढली. तिच्याभोवती चार पाकळ्या काढल्या. ताईनं मान हलवली. मी पाकळ्या खोडून कोयऱ्या काढल्या, मग रेघा, मग तुळशीची पानं. ताई प्रत्येक वेळी निरखून पाहायची आणि म्हणायची, "असं नसन." ताईचे डोळे, तिच्या नाकातली चमकी, तिचा पुढचा किंचित तिरपा दात, सगळं मला काढता आलं असतं. जी खूण मला इतकी खुपली की मी ती पुसायला लावली, ती मी कधी नीट पाहिलीच नव्हती. माय आता नाही. ताईच्या लग्नाचा एक फोटो आहे, पण त्यात मुंडावळ्यांनी कपाळ झाकलेलं आहे. माझ्या लग्नाच्या फोटोंत काय आहे ते मी सांगितलंच.

मुलीनं शेवटी मावशीच्या डाव्या हातावरच्या तुळशी वृंदावनाचा फोटो काढून घेतला आणि पुण्याला जाऊन तेच आपल्या हातावर काढून घेतलं. तिनं पाठवलेला फोटो मी ताईला दाखवला तेव्हा ती म्हणाली, "माही तुळस मोठी होती. इनं लहान केली." पण तिनं तो फोटो शेजारणींना बोलावून दाखवला.

डिसेंबरात एका रविवारी मी एकटीच आंजीला गेले. ताई ओट्यावर तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसली होती. मी शेजारी बसून सोलू लागले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "ताई, ते तेल नव्हतं."

"नाई," ती म्हणाली. "बिब्बा होता."

"माझ्यामुळे."

"तुह्याच मुळं." तिनं शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले. "एका बाईनं सांगतलं होतं, सुईनं थोडा थोडा लावजो. माह्या हातून जास्त लागला. तीन दिवस डोळा उघडला नाई. सासू म्हणे, काऊन केलं असं? मी म्हटलं तेल उडालं. मंग सगळ्याइले तेच सांगत गेली."

"मला माफ कर."

"जाऊ दे आता. लहान होती तू."

"लहान नव्हते ताई. तेवीस वर्षांची होते."

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "हो, नव्हती लहान. तू तसं म्हणाले नव्हतं पायजे. अन् मीबी आयकाले नव्हतं पायजे. मायनं मले इतकं दाबून धरलं होतं ते गोंदतानी, अन् मी हूं नाई केलं. बिब्बा लावला त्या दिवशी मात्र खूप रडली."

तिचं रडणं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशी ते पाहायला तिथं कोणीच नव्हतं. आतून तिच्या सुनेनं चहासाठी हाक मारली आणि आम्ही उठलो.

तेव्हापासून मी बहुतेक रविवारी जाते. ताई चहा करते, शेतातली भाजी बांधून देते, गावातलं काय काय सांगते. पण पूर्वी ती माझ्याशी जसं मोकळं बोलायची तसं आता बोलत नाही. मी असले की कपाळावर पदर ओढून घेते. आधी ती तसं करत नसे. मी ते पाहते. चार वाजता बस येते. ती थांब्यापर्यंत सोडायला येत नाही, दारातूनच "येजो" म्हणते. मी येईन म्हणते, आणि पुढच्या रविवारी पुन्हा जाते.