कुरडई फुलत नाही

माझी बाराखडी पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर झाली. वडील साखर कारखान्यात कामाला होते, कामगारांची पत्रकं वाटायचे आणि उरलेले गठ्ठे घरी आणायचे. एका बाजूला मागण्या, दुसऱ्या बाजूला माझं अ-आ-इ-ई. ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्या हातात निदान तक्रार असते, ती लिहून चारचौघांत लावली की भल्याभल्यांना घाम फुटतो, हे मी शाळेत जायच्या आधी शिकले.

आई कोल्हारच्या शिवारात कांदे लावायला आणि खुरपायला जायची. गुडघ्यांनी दगा दिला तसं वाफ्यात बसणं जमेना. मग ती आणि शेजारची आत्या मिळून कुरडया करून विकायला लागल्या. आधी ओळखीपाळखीत विकल्या. नंतर मी एका मोठ्या विक्रीच्या साइटवर त्यांचं दुकान टाकून दिलं, परवाना काढला, पाकिटावर आईचा फोन नंबर छापला. खाली ग्राहकांनी मत लिहायची जागा होती. ती बघून मला बरं वाटलं होतं. माल करणाऱ्याला खाणाऱ्याचा जाब असलाच पाहिजे. आईला मात्र एवढंच पाहिजे होतं की पुन्हा वाफ्यात वाकायला लागू नये.

जाब तिला नवा नव्हता. भिजवून आंबवलेल्या गव्हाचा चीक चुलीवर शिजला की गल्लीतल्या बायका वाट्या घेऊन यायच्या. गरम चीक खायचा आणि तिथंच नावं ठेवायची, अशी रीतच आहे.

आत्या पहिला घास घेऊन म्हणायची, "मीठ काय उसनं आनायचं हुतं का गं?"

"घाल की मग तू. हात मोडलाय का?"

"माजा हात सैल हाय बाई. पुन्हा म्हनशील खारट झालं."

मीठ पडायचं, चाटू फिरायचा, पुन्हा वाट्या पुढे यायच्या. सगळ्यांचं समाधान झालं की मगच सोऱ्या भरायचा आणि गच्चीवर पांढऱ्या कापडावर कुरडया पडायच्या. नावं ठेवणारी बाई समोर असायची आणि पातेलंही समोर असायचं. चूक दुरुस्त करता यायची.

उन्हाळ्यात ऑर्डरी बऱ्या येत होत्या. मी एसटीनं श्रीरामपूरला पार्सलं नेऊन टाकत होते. ज्यांना कुरडया आवडायच्या त्या बायका पाकिटावरचा नंबर बघून फोन करायच्या आणि आईशी सासूपासून गुडघ्यांपर्यंत सगळं बोलायच्या. मी मध्येच फोन घेऊन म्हणायचे, "ताई, तेवढं साइटवर लिहा ना."

"हो हो, लिहिते."

एकीनंही लिहिलं नाही. आमच्याकडे कौतुक तोंडी असतं आणि तक्रार लेखी.

मग ते आलं. पाचपैकी एकच तारा आणि खाली, "कुरडई फुलत नाही. दगड आहे नुसता. फसू नका." सोबत फोटो होता. ताटलीत आमची कुरडई, तेल पिऊन पिवळी पडलेली, तशीच्या तशी आखडलेली.

मी आईला वाचून दाखवलं. तिनं डब्यातून त्याच घाण्यातल्या चार कुरडया काढल्या, कढई ठेवली, तेलातून धूर निघायला लागल्यावर एक सोडली. ती चर्रकन फुलून कढईभर झाली.

"बाईनं तेल तापू दिलं न्हाई," आई म्हणाली. "फोन लाव तिला. सांगते मी."

"नंबर नाही आई. नाव पण खरं नाही."

"आसं कसं? आपला हाय की तिच्याकडं."

आत्यानं फुललेली कुरडई मोडून तोंडात टाकली. "आता हितं फुलून काय उपेग?"

विक्रेत्याला उत्तर द्यायची सोय होती. आईनं सांगितलं तसं मी लिहिलं. ताई, तेल चांगलं कडकडीत तापू द्या, आधी एक तुकडा टाकून बघा, तरी फुलली नाही तर आम्ही दुसऱ्या पाठवू. त्या ताईंकडून काहीच आलं नाही. दुसऱ्याच कुणीतरी खाली लिहिलं, "विक्रेते नेहमी ग्राहकालाच दोष देतात." हे वाक्य मी केव्हाही पत्रकात छापलं असतं, आणि ठळक छापलं असतं.

त्या मजकुराखाली लोक 'उपयुक्त' असं दाबत गेले. त्यांनी आमची कुरडई पाहिली नव्हती, खाल्ली तर नव्हतीच. पण जितके जास्त लोक दाबतील तितकं ते वर चढतं. दुकान उघडलं की आधी तोच फोटो दिसायचा, नंतर आमचा. मी साइटवाल्यांना लिहिलं. ग्राहकाचं मत काढता येत नाही, असं छापील उत्तर आलं. वडिलांच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाला प्रकाशकाचं आणि छापखान्याचं नाव असायचं. भांडायचं असलं तर कुणाच्या दारात जायचं हे कळायचं. इथे दारच नव्हतं.

ऑर्डरी आधी कमी झाल्या, मग थांबल्या. फोन करणाऱ्या बायकाही कुठे गेल्या कळलं नाही. त्यांनीही वाचलं असेल. उरलेल्या कुरडया गल्लीत वाटल्या. आत्या लेकीकडे निघून गेली. सोऱ्या धुऊन, पुसून माळ्यावर गेला.

कांद्याच्या लागवडीला आई पुन्हा टेम्पोत बसून जायला लागली. पहिल्या दिवशी परत आली ती भिंतीला धरून. मी मोबाईलवर गुडघ्याचा पट्टा शोधायला बसले. एक बरा दिसला. बऱ्याच जणांनी चांगलं लिहिलं होतं. माझं बोट ते सगळं ओलांडून थेट तळाला गेलं, एका ताऱ्यापाशी. कुणीतरी लिहिलं होतं, "दोन दिवसांत शिवण उसवली." फोटो नव्हता, नाव नव्हतं. मी दुसरा पट्टा बघितला. तिथेही तसंच काहीतरी होतं. तिसऱ्यालाही.

आईनं पाय लांब करत विचारलं, "मागीवला का गं पट्टा?"

"नाही. वाईट लिहिलंय त्याच्याबद्दल."

"कुनी?"

"आहे कुणीतरी एक."

तिनं दोन्ही हातांनी गुडघा चोळला. मला वाटलं आता ती चिडेल, कुरडईचं काढेल.

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "खरं आसंल. उगाच कशाला कोन लिहील."