तात्यांच्या बाजूचा बोल्ट

हौसाआत्या पाईपलाईनच्या कडेनं चालताना प्रत्येक जोडाशी थांबायची आणि ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा त्यावर हात ठेवायची. मी मिरजेला कारकून. सुट्टीत तिच्या गावी जायचो आणि मदत म्हणून वांगी चिरायला घेतली तरी बोट कापून घ्यायचो. "तुज्या हातांनी कागूदच उचलावा रं," ती म्हणायची.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. त्यांची लाईन कृष्णेपासून माळापर्यंत जमिनीवरूनच गेलेली. दोन लोखंडी पाईप टोकाला टोक लावायचे, सांध्यावर रबर चढवायचं, वरून दोन अर्धगोल तुकड्यांचं कपलिंग बसवून दोन्हीकडचे बोल्ट आवळायचे. दोन्ही बाजू सारख्या, थोड्या थोड्या आवळल्या तरच पाणी थांबतं. अलीकडे आत्या, पलीकडे तिचे यजमान, आमचे तात्या. हिनं एक पिळा दिला की त्यांनी एक. "आमचं भांडान बी पायपावरच मिटायचं," असं ती सांगे.

मग एका पावसाळ्यात नदी चढली. तात्या काठावरची पंपाची मोटार काढायला उतरले. मोटार वर आली, तात्या आले नाहीत. सापडलेही नाहीत.

पाणी ओसरल्यावर आत्यानं लाईन पुन्हा जोडली. नदीजवळच्या जोडाची मात्र आपलीच बाजू आवळली. पलीकडचा बोल्ट सैल ठेवला आणि तिथं मातीत एक पाना ठेवून दिला. "ती बाजू त्यास्नी हाय." कुणी गुपचूप तो बोल्ट आवळला, तर ती जाऊन पुन्हा सैल करायची.

जोडातून पाणी उडायचं आणि लाईनच्या टोकाला असलेल्या तिच्या दिराच्या, बापूच्या उसापर्यंत पोचायचंच नाही. उन्हाळ्यात ऊस वाळायला लागला. बापूनं मला गाठलं. "पावणं, वयनीला तुमी सांगा. न्हाईतर ही लाईन उपटतो आन प्लास्टिकची पुरून टाकतो. मला बी लेकरं हायती."

वाटेनं मी चांगलं लांबलचक भाषण जुळवलं. जोडापाशी ती बसलेली दिसली आणि भाषण विसरलो. एवढंच म्हणालो, "आत्या, बापू लाईन काढणार म्हणतोय."

"काढंल. त्याचा ऊस जळतोय, त्याचं खरं हाय." तिनं उडणाऱ्या पाण्याखाली हात धरला. "पर लाईनच न्हाई ऱ्हायली, तर ते येऊन बसतील कुटं?"

मग तिनंच मातीतला पाना उचलून माझ्या हातात दिला. "बस पल्याड."

भर दुपार होती. तिनं एक पिळा दिला, मी एक. तिनं एक, मी एक. माझा पाना सटकला, बोटं सोलली. पाण्याची धार बारीक होत गेली. तेवढ्यात मान वर न करता, मी कधीच न ऐकलेल्या आवाजात ती म्हणाली, "आवं, दमानं. रबार कापंल."

जन्मापासून तिनं मला 'रं'शिवाय हाक मारली नव्हती. 'हो' म्हणावंसं वाटलं, पण तोंड उघडलं असतं तर आवाज माझाच निघाला असता. मी दमानं शेवटचा पिळा दिला.

पाणी थांबलं. आत्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला.