‘दिवा वाढव’

श्रीहरीच्या कृपेने आम्ही सारे सुखरूप आहोत, म्हणून हे लिहू शकतो.

जोडून आलेल्या सुट्ट्यांसाठी सारा परिवार कवठे येमाईला जमला आहे. आज बाहेर निघताना माझी थोरली बहीण आक्का माझ्या नव्या सूनबाईला म्हणाली, “देवापुढचा दिवा वाढव गं.” विझवणे हा शब्द अशुभ, म्हणून आपण ‘वाढव’ म्हणतो.

शहरातल्या त्या मुलीने तेल ओतून वात पुढे सारली. आक्का नमस्काराला वाकताच पदर पेटला! पुतण्याने तिच्यावर कळशी रिती केली, म्हणून ती बचावली.

“आगं, विझवाया सांगितलं, हितं होळी केलीस व्हय!” आक्का ओरडली.

“आत्या, तुम्हीच ‘वाढव’ म्हणालात ना!” सूनबाई रडू लागली.

तिला अर्थ कोणीच सांगितला नव्हता. आपल्या घरातले असे शब्द मुलांना ठाऊक आहेत का?

जगदंबा आपणा सर्वांचे रक्षण करो.