शर्टाला तीन कडवी

वीज कंपनीत मीटर वाचणाऱ्या त्या माणसाला सगळे टॉर्च म्हणायचे, आणि हे नाव त्यानं स्वतःच्या कर्तृत्वावर मिळवलं होतं. बाकीचे मीटरवाले यायचे, आकडा बघायचे, मशीनवर टिपायचे आणि पुढच्या दाराला लागायचे. हा पठ्ठ्या आधी मीटरच्या मागे टॉर्च मारायचा. मग वर, मग खाली, मग शेजारच्या भिंतीवर आणि शेवटी घरमालकाच्या तोंडावर. भरदुपारी टॉर्च कशाला, असं कुणी विचारलं की म्हणायचा, ‘‘तारेच्या मागे दुपार नसते.’’

घरीही तसंच. बायको म्हणाली, आज दिवसभर बहिणीकडे होते, की हा मान डोलवायचा आणि जाता जाता टीव्हीच्या पाठीला हात लावून बघायचा, गरम आहे का. एकदा त्यानं हात लावला तर पाठ गारेगार आणि ओली. वळून बघतो तो बायको दारात उभी. ‘‘ओला फडका फिरवलाय मी. आता काय शोधणार?’’ त्या दिवशी स्वारी मुकाट जेवली. आणि पपईची गोष्ट तर सगळ्या गल्लीला पाठ होती. शेजाऱ्यानं त्याला एक पिकलेली पपई दिली, अशीच, प्रेमानं. अशीच का दिली, याचा विचार करत टॉर्चनं ती कपाटावर ठेवली. विचार संपेपर्यंत पपई सडली. मग म्हणतो कसा, ‘‘बघ, मला वाटलंच होतं त्यात काहीतरी आहे.’’

तर अशा या टॉर्चचे वडील त्याच्याकडेच राहायचे. बस डेपोत मेकॅनिक म्हणून जन्म काढलेला माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. म्हातारा मोठा गोड. सुनेचा मिक्सर दुरुस्त करावा, पंख्याला तेल घालावं, आणि कायम चुरगळलेला शर्ट घालून दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसावं. डेपोत असताना इस्त्रीचा शर्ट हा त्यांच्या लेखी साहेबांचा रोग होता.

अशा माणसाच्या अंगावर एक दिवस कडक इस्त्रीचा शर्ट दिसला. मग दुसऱ्या दिवशी दुसरा. टॉर्चच्या भुवया वर गेल्या. त्यानं नजर ठेवली, तेव्हा लक्षात आलं की कपाटातला एक इस्त्री केलेला शर्ट, न घालताच, पुन्हा पिशवीत शिरून इस्त्रीला निघालाय. म्हणजे मीटर उलटा फिरत होता. असलं काही दिसलं की टॉर्चचं डोकं लख्ख पेटायचं.

तो म्हाताऱ्याच्या मागे मागे गेला.

मागच्या गल्लीत एका इमारतीच्या जिन्याखाली इस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, त्यावर घोंगडी, भिंतीला दोरीवर टांगलेले कपडे आणि एक स्टूल. टॉर्चला हे दुकान आकड्यानं माहीत होतं. इस्त्रीचं दुकान असून बिल अगदीच किरकोळ, म्हणून त्यानं मागे एकदा तिथे टॉर्च मारून मारून सेल संपवले होते, चोरून घेतलेली तार काही सापडली नव्हती. सापडणार कशी? बाई कोळशाची इस्त्री वापरायच्या. सील शाबूत, सगळं कायद्यात. टॉर्चच्या मनाला ते फार लागलं होतं.

आज इस्त्रीवाल्या बाई शर्टावर पाणी शिंपडत होत्या. साठीच्या आसपासच्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, दंड एखाद्या पैलवानासारखा. स्टुलावर वडील, डोळे मिटून. आणि बाई गात होत्या. गावाकडचं गाणं, जात्यावर म्हणतात तसल्या संथ चालीचं.

भल्या पहाटे गं धनी माझा गेला,
वहाणा दारात, काठी कोपऱ्याला.

पुसतो गं गाव, गेला कोण्या वाटे?
हसून मी बोले, पायी मोडले काटे.

परसातला आड, वर टाकली फळी,
पाणी नको मला, सांज ना सकाळी.

इथे बाई थांबल्या, शर्टाची घडी घातली आणि दुसरा शर्ट घेतला. पुन्हा पहिल्यापासून. भल्या पहाटे गं.

टॉर्च विजेच्या खांबामागे उभा होता. वडील डोळे न उघडता म्हणाले, ‘‘ये पुढे. तुझ्या पिशवीतला सील तोडायचा चिमटा वाजतोय मघापासून.’’

संध्याकाळी घरी म्हाताऱ्यानं काही आडपडदा ठेवला नाही. सून भाजी निवडत होती, मुलगा खुर्चीत. ‘‘मला त्या बाईंशी लग्न करायचंय,’’ ते म्हणाले. ‘‘त्यांना विचारलंय मी. त्या म्हणाल्या, आधी मुलाचा होकार आणा. त्याच्या मनात काही असलं तर मी तुमच्या घरात पाऊल टाकणार नाही. तेव्हा रविवारपर्यंत सांग. तू नाही म्हणालास तर त्या दिवसापासून माझे शर्ट इस्त्रीला जाणार नाहीत, आणि मी हा विषय परत काढणार नाही.’’

‘‘त्यांचे पहिले यजमान?’’

‘‘वारले.’’

‘‘कशानं?’’

‘‘मी नाही विचारलं.’’

‘‘विचारलं नाही?’’ टॉर्च ताडकन उभा राहिला. ‘‘बाबा, डेपोत जुनी गाडी ताब्यात घेताना तुम्ही आधीच्या ड्रायव्हरला दहा प्रश्न विचारायचात.’’

‘‘गाडीला विचारता येत नाही, म्हणून ड्रायव्हरला विचारायचो,’’ म्हातारा म्हणाला आणि पंख्याला तेल घालायला उठला.

वडील बाहेर गेल्यावर टॉर्च स्वयंपाकघरात बायकोच्या समोर बसला. गाणं त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

‘‘तू ऐक फक्त. नवरा पहाटे गेला. वहाणा दारातच. अनवाणी कुठे जातो माणूस? काठीही कोपऱ्यात. गाववाले विचारतात तर ही हसते. नवरा बेपत्ता आणि हसते! सांगते काय, तर पायात काटा मोडला. म्हणजे विषय बदलला. आणि लगेच काय करते? आडावर फळी टाकते. वर म्हणते, मला पाणी नको. का नको? त्या पाण्यात काय आहे?’’

बायकोनं हातातली जुडी खाली ठेवली. ‘‘अहो, गाणं आहे ते.’’

‘‘गाणं आहे हे मलाही कळतं. पण दिवसभर हेच का? जगात दुसरी गाणी नाहीत? माणसाच्या मनात असतं तेच तोंडात येतं.’’

‘‘तुमच्या तोंडात सदा तारा असतात, म्हणून काय तुम्ही चोर?’’ ती म्हणाली. मग जुडी पुन्हा उचलत म्हणाली, ‘‘आणि गाणं तिथे संपत नाही. मीही कपडे नेते ना त्यांच्याकडे. शर्ट झाला की त्या फळीपाशी थांबतात. पँटला तर गाववाल्यांपाशीच. पुढे काय ते ऐकायचं असेल तर मोठा कपडा न्या.’’

टॉर्चनं बायकोकडे आदरानं बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं त्यानं फार वेळा बघितलं नव्हतं. त्यानं उठून पलंगावरची डबलची चादर ओढली. ‘‘अहो, आत्ताच घातलीय ती,’’ असं ती म्हणेपर्यंत चादर बगलेत होती.

सकाळी कामावर जायच्या आधी तो जिन्याखाली हजर. बाईंनी चादर उलगडली, एवढी मोठी की अर्धी टेबलावरून खाली लोंबली. ‘‘चादरीला इस्त्री?’’ त्या म्हणाल्या. ‘‘पाहुणे येणारेत का?’’

‘‘येतील कदाचित,’’ टॉर्च म्हणाला आणि स्टुलावर बसला. बाईंनी निखाऱ्यावर फुंकर घातली, इस्त्री उचलली, गाणं सुरू झालं. धनी गेला. गावानं विचारलं. फळी पडली. चादर अजून निम्मीच झाली होती. टॉर्च पुढे वाकला.

फळीवर बसते, कलतात उन्हं,
खालून गं कोणी हाक मारी पुन्हा.

टॉर्चच्या हातातली पिशवी पडली. चिमटा, सील, बॅटरी, सगळं फरशीवर.

‘‘पुन्हा?’’ तो म्हणाला. ‘‘म्हणजे आधीही मारली होती हाक?’’

‘‘कोणी?’’

‘‘आडातल्यानं.’’

बाईंनी इस्त्री उभी ठेवली आणि चष्म्यावरून बघितलं. टॉर्चनं एकदाचं विचारलंच. ‘‘बाई, तुमच्या घरी आड होता का?’’

‘‘मी याच इमारतीत वर राहते, तिसऱ्या मजल्यावर. लग्न होऊन तिथेच आले. आड मी चित्रात पाहिलाय.’’

‘‘मग हे गाणं?’’

‘‘ह्यांचं. माझ्या नवऱ्याचं. हे दुकान त्यांचं होतं. मला इस्त्री शिकवताना म्हणाले, कोळशाला बटण नसतं, कमी-जास्त करायला. हात कधी उचलायचा ते गाण्यावर ठरवायचं. शर्टाला तीन कडवी, पँटला दोन, मुलांच्या चड्ड्यांना एक. पहिल्या महिन्यात मी दुसरं एक गाणं म्हटलं, जरा लांबडं होतं, तर एका वकिलाची कॉलर तपकिरी झाली. तेव्हापासून हेच.’’ त्यांनी चादरीचं टोक सारखं केलं. ‘‘ते गेले छातीच्या दुखण्यानं. दवाखान्यात, मी उशाशी होते. त्यांच्या चपला आम्ही घरी घेऊन आलो.’’

टॉर्च फरशीवरचे सील वेचायला लागला. ते काम त्यावेळी त्याला सोयीचं होतं.

‘‘तुम्हाला काय वाटलं?’’ बाईंनी विचारलं. ‘‘तिनं ढकललं?’’

टॉर्च टेबलाखाली गेलेला सील काढायला वाकला.

‘‘असेलही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मी कधी विचार नाही केला. माझं लक्ष कॉलरकडे. तुमचे वडील म्हणतात, नवरा रोज पहाटे तिला पाणी शेंदून द्यायचा. तो गेला, आता आडाकडे बघवत नाही, म्हणून फळी. आणि हाक म्हणजे तिचाच आवाज घुमून परत येतो. मी म्हटलं, असंही असेल. एक शिक्षक यायचे, ते म्हणायचे, नवरा पळून गेला आणि ही सुटली, म्हणून हसते. तेही खोटं कसं म्हणू?’’

‘‘पण खरं एकच असणार ना?’’

‘‘ते तिला विचारा. मला जे विचारायचंय ते विचारून घ्या, निखारे जातायत.’’

टॉर्चला प्रश्न चटकन सापडेना. मीटरच्या मागे बघायची सवय, आणि इथे समोरच माणूस उभा. शेवटी म्हणाला, ‘‘बाबा कशासाठी हवेत तुम्हाला?’’

‘‘सगळे येतात ते घाईत,’’ बाई म्हणाल्या. ‘‘झालं का, झालं का. तुमच्या वडिलांचा शर्ट होतो, तरी ते म्हणतात, राहू द्या, गार होऊ द्या. असं दुसरं एकही गिऱ्हाईक नाही.’’

दुसरा कुणी असता तर इथे पाघळला असता. टॉर्च चादर घेऊन कामावर गेला आणि दिवसभर लोकांच्या मीटरपाशी उभं राहून विचार करत राहिला. उत्तर फार बरोबर होतं. फार बरोबर उत्तराचाच त्याला जास्त संशय. गोड बोलणं कुणालाही जमतं. वर तिसरा मजला, जिने चढून पाय दुखत असतील, आमचं घर तळमजल्यावर. आणि आईची खुर्ची अजून खिडकीत तशीच आहे. तिच्यावर कोण बसणार? खरं दुखणं ते होतं, पण हे कबूल करायला टॉर्च आतल्या बाजूनं मारावी लागते, आणि ती सवय त्याला नव्हती.

शनिवारी म्हाताऱ्यानं काही विचारलं नाही. शर्ट मात्र पिशवीत भरून दाराशी ठेवला होता. टॉर्च म्हणाला, ‘‘आज मी नेतो.’’ वडिलांनी पिशवी दिली आणि बाकावर जाऊन बसले, चुरगळलेल्या शर्टात.

जिन्याखाली गर्दी होती. टॉर्चच्या पुढे एका कंडक्टरचा शर्ट होता. तीन कडवी, घडी, संपलं. मग एका बाईंच्या मुलाचा, तोही तसाच. मग म्हाताऱ्याचा पांढरा शर्ट टेबलावर आला. टॉर्च डोळ्यांत तेल घालून बघत होता. बाह्या झाल्या, पाठ झाली, कॉलर झाली. फळी पडली. शर्ट आरशासारखा झाला होता, एकही सुरकुती नाही. टॉर्चनं हात पुढे केला.

बाईंनी शर्ट दिला नाही. त्यांनी तो उलटा केला, इस्त्री जरा उचलूनच धरली, कापड जळू नये अशी, आणि जिथे काही करायचं उरलं नव्हतं त्या कॉलरवरून हळूच फिरवत राहिल्या. कलतात उन्हं. मागे रांगेतला कुणीतरी म्हणाला, ‘‘अहो, झालाय की तो.’’ बाईंना ऐकू आलं नाही. टॉर्च समोर उभा आहे, हेही त्यांच्या ध्यानात नसावं.

टॉर्चनं सवयीनं आजूबाजूला बघितलं, तार कुठे आहे ते शोधत. आयुष्यभर त्यानं लोकांनी चोरलेली युनिटं पकडली होती. कुणी जास्तीची देताना त्याला कधी दिसलं नव्हतं, त्यामुळे हे कुठल्या रकान्यात टिपायचं ते कळेना. त्याला ती पपई आठवली.

घरी आला तेव्हा वडील बाकावरून उठले नाहीत. बघत राहिले फक्त.

‘‘बाबा, तुमच्या शर्टाला चार कडवी लागतात,’’ टॉर्च म्हणाला.

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. ‘‘सुरुवातीला तीनच लागायची,’’ ते म्हणाले.

‘‘सोमवारी सकाळी मला सुट्टी आहे. रजिस्टर ऑफिसात साक्षीदार लागतो ना? आणि आईची खुर्ची आहे तिथेच राहील.’’

‘‘त्यांनी तेच सांगितलंय. येताना स्टूल घेऊन येते म्हणाल्या.’’

तर बाई आल्या, स्टूल घेऊन. दुकान सुरूच राहिलं. पहिल्याच संध्याकाळी सून आणि बाई मिळून ती डबलची चादर झटकून पलंगावर घालत होत्या, आणि हाताला काम लागताच बाईंच्या तोंडी गाणं आलं. चादर मोठी, गाणं चौथ्या कडव्याला पोचलं. टॉर्च पानावरून उठला. कपाटावरची टॉर्च घेतली, मागच्या दारानं बाहेर गेला. तिथे मोरी, धुण्याचा दगड आणि एक बादली. दगडाच्या मागे उजेड पडला, बादलीत पडला, भिंतीवर फिरला.

‘‘काय शोधतोय तो?’’ आतून बाईंचा आवाज आला.

‘‘काही नाही,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘आड.’’

टॉर्च परत आला, हात धुतले. ‘‘नाहीये,’’ म्हणाला आणि जेवायला बसला.