डिझेलचा काटा आणि माझी वही

गेल्या रविवारची सकाळ. हजर: मी, नवरा, माहेरी आलेली थोरली नणंद आणि आमचा जुना ट्रक.

डिझेलचा काटा दोन वर्षं शून्यावरच होता. मी प्रत्येक फेरीचे किलोमीटर वहीत लिहायचे. साधं सोनईला निघतानाही नवरा मला विचारायचा, “टाकीत किती असंल गं?”

नणंदेने टाकीजवळची गंजलेली अर्थिंगची वायर घासून परत लावली. काटा निम्म्यावर आला.

“ताई, लई भारी!” माझ्या वहीला तो असं कधी म्हणाला नव्हता. माझा जळफळाट झाला.

“वहिनी, वही द्या आता रद्दीत,” ती हसली. “फक्त हा नट पान्याने घट्ट करा, नाहीतर काटा पुन्हा पडंल.”

पाना माझ्याच कपाटात आहे. नट अजून सैल आहे.